काळी दोन

भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची,
तारीख घालायची, सही करायची,
आणि रोज सकाळी जाऊन बघायचं, तडकली का.
एवढंच माझं काम. तेवीस इमारती,
चिराबाजार ते काळबादेवी.
जिन्यातली पोरं मला काचवाली म्हणायची.

जमिनीच्या पोटातलं आधीच नळीने उपसून
लाकडी खोक्यांत मीटरमीटरने मांडून ठेवलेलं :
वर डांबर. त्याखाली ट्रामचा रूळ,
तो खोक्यात मावला नाही, भंगारात गेला.
मग विटांचा चुरा, कोळशाची राख,
मग शिंपले. म्हणजे इथे पाणी होतं,
कुणीतरी टोपल्या ओतून ते बुजवलं.
टोपल्यांचा हिशेब कुठेतरी असेल. डोक्यांचा नसेल.
मग मुरूम. मग काळा पाषाण,
साडेसहा कोटी वर्षं कुणी न उठवलेला.

तळमजल्यावर तळपदे, हार्मोनियमवाले.
माझी पट्टी त्यांनी चष्मा वर करून पाहिली.
"बाई, काच सांगणार तडकल्यावर.
सूर आधी सांगतो."
मी हसले. फॉर्म भरला. शून्य पूर्णांक दोन.

श्रावणातल्या एका रात्री दोन वाजता त्यांचा फोन :
"आलं. काळी दोन धरलीय त्याने. जरा उतरलेली."
गेले. फळीवर पंधरा पेट्या,
भाते मिटलेले, खुंट्या आत,
आणि कडेच्या जुन्या पेटीतला एक पितळी सूर
कुणी हात न लावता
थरथरत होता, झोपेत ओठ हलावेत तसा.
तळपदे त्याच्यावर बोट ठेवायचे, तो थांबायचा.
बोट काढलं की पुन्हा.

चोवीस मीटर खाली
लखींद्र मुर्मू बोगद्याच्या कड्या आवळत होता.
पाळी सुटल्यावर टपरीवर भेटला, कानात अजून कापूस.
"वर काय आहे, दीदी?"
पेटीचं दुकान आहे, म्हटलं.
"मग हळू जाऊ."
हळू जाणं त्याच्या हातात नव्हतं.
तरी म्हणाला.

अकरा दिवसांत मशीन पुढे सरकलं.
काच शाबूत. भेग दीड मिलिमीटर, मर्यादेत.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : काळी दोन.
साहेबांनी लाल पेनाने खोडलं.
त्यांचंही बरोबर, एककच नाही त्याला.

इमारत खचली नाही. पाडली.
स्टेशनला दार हवं होतं.
मी बसवलेल्या पट्ट्या ढिगाऱ्यात चमकत होत्या,
एकही तडकलेली नव्हती पडेपर्यंत.
तळपदे वडाळ्याला गेले, तात्पुरते.
त्या तात्पुरत्याला आता सहावं वर्ष लागलंय.

परवा तिकीट काढून उतरले.
तीन सरकते जिने, गार हवा, फरशीत दिवे.
रूळांपुढे काचेचे दरवाजे.
सवयीने बोट फिरवलं त्यांच्यावर,
रखवालदार बघायला लागला.
गाडी आली. समोर बसलेली मुलगी
काजळ घालत होती चालत्या गाडीत,
आणि रेघ हलली नाही.
खरंच चांगलं झालंय काम. कुणाला सांगू?
फोनला रेंज नव्हती.

वळणावर मात्र डबा गुणगुणला,
दोन-तीन सेकंद, फार खालून.
वर कोण राहत असेल इथे, मनात आलं.
परतीच्या फेरीत फोन हातात धरून
तेवढा तुकडा टिपला.

संध्याकाळी वडाळा. तिसरा मजला, पाच पेट्या,
बाकीच्या विकल्या म्हणाले.
फोन त्यांच्या कानाशी धरला.
डोळे मिटले त्यांनी. बोटं गुडघ्यावर
पट्ट्या शोधत राहिली.
"पांढरी चार," म्हणाले.
मग मान हलवली.
"नाही. थांब.
पुन्हा लाव."